वाटेतलं जेवण

वरकुट्याच्या फाट्यावर कुशाबाई एसटीची वाट बघत होत्या. शेजारी दोन म्हातारे येऊन टेकले. डोक्यावर कोऱ्या टोप्या, खांद्यावर कोरे टॉवेल. पण मानपान झाल्याचं समाधान कुशाबाईंना त्यांच्या तोंडावर कुठं दिसेना.

“धुळ्या, कळंबची माणसं सकाळपासनं वाट बघत असतील. पोरगी नटून बसली असंल.”

“मग हितं कशाला उतरलास, जोत्या?”

“डुलकीतनं उठून कळंब आलं म्हणलं कुणी?”

“त्यो माणूस एसटीच्या दारातच म्हणला, या पाव्हणं, कवाची वाट बघतोय. मला वाटलं पोरीचा बाप.”

“त्याचं पाव्हणं दुसरंच. आपण जेवून हात धुतल्यावर आलं ते.”

“तरी हसला बिचारा. वर टॉवेल-टोपी दिली.”

“आता कळंबात ताटावर बसून घास चिवडला, तर पोरगी पसंत न्हाय असंच समजतील. नातवाचं हे तिसरं स्थळ हाय माझ्या.”

“सांग की, जेवून आलोय म्हणून.”

“पोरगी बघायला निघालेला माणूस वाटेत भलत्याच घरी जेवला, हे सांगू?”

“किती पोळ्या खाल्ल्यास?”

“पाच. तू?”

“सात. ती बाई वाढायची थांबंचना.”

“एसटी आली, ऊठ.”

“पाय उचलत न्हायती, हात दे. अन् तितं शेजारीच बस माझ्या. तुझ्या पोळ्या हळूच माझ्या ताटात सरकव, मी खातो.”