चिकटराव जागा सोडतात तेव्हा

सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या संस्थेचे संचालक साहेब, आस्थापना विभागाचे प्रमुख साहेब, समोर बसलेले आणि चहावर डोळा ठेवून दारात उभे असलेले माझे सहकारी, आणि टेबलावरच्या या हिमपेटीत विराजमान असलेले आजचे सत्कारमूर्ती श्री. चिकटराव,

मी प्रयोगशाळेतला साधा तंत्रज्ञ. मला भाषणाची सवय नाही, आणि आज वेळही नाही. आस्थापना साहेबांनी सत्कारमूर्तींच्या प्रदीर्घ सेवेचा गौरव सुरू केला तेव्हा पेटीत अर्ध्या तासाचा कोरडा बर्फ होता. आता दहा मिनिटांचा असेल. पायाशी धूर येतोय तो त्याचाच आहे, घाबरू नका.

तर चिकटराव कोण? इथल्या निम्म्या लोकांना अजून वाटतंय, तिसऱ्या मजल्यावरचे कुणी लाजाळू गृहस्थ असावेत. अहो, ते प्रथिन आहे! पेशीच्या मध्यभागी एक बंद खोली असते, तिला केंद्रक म्हणतात. तिथल्या मूळ मजकुराच्या ज्या नकला निघतात त्या आरएनए. आमचे चिकटराव त्या नकलांना चिकटतात, नको तेवढा मजकूर छाटतात आणि मगच नक्कल बाहेर कामाला सोडतात. आयुष्यभर एकच खोली, एकच काम. ना बढतीची हाव, ना बदलीचा अर्ज.

पण कधीकधी त्यांच्या घडणीत एखादी चूक राहते. मग ते खोली सोडून बाहेर येतात, तिथे आपल्यासारख्याच चिकटरावांना भेटतात आणि घोळका करून बसतात. हसू नका, चार वाजता आपल्या जिन्यात काय होतं ते मी रोज बघतो. तिकडे खोलीत काम ठप्प, इकडे वाटेत गठ्ठा. मज्जापेशी बिचारी दोन्हीकडून मरते, आणि माणसाचे हातपाय एकेक करून ऐकेनासे होतात.

आता मुद्द्यावर येतो. हे प्रथिन सरकारी... माफ करा, संस्थेच्या हजेरीपटावर आलं कसं? मीच आणलं.

सहा वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाई, संस्था सोडून गेल्या. या पेटीतली नळी त्यांच्याच नावावर होती. फतवा निघाला, की ज्या नमुन्याला सेवेतला मालक नाही तो फेकून द्या. शास्त्रज्ञाला नमुना ठेवता येतो, तंत्रज्ञाला नाही. दुसऱ्याचा म्हणून ठेवता येईना, माझा म्हणून ठेवता येईना. मग म्हटलं, याला स्वतःचाच मालक करू. कर्मचाऱ्याचा अर्ज भरला. पदनाम लिहिलं, बांधणी सहायक. वेतन नाही. पत्ता, शीतकपाट क्रमांक चार. कुणी हूं की चूं केलं नाही. उलट गेल्या साली गोपनीय अहवालात शेरा आला, 'कायम जागेवर असतात, मितभाषी, डोकं अत्यंत थंड.'

हो आस्थापना साहेब, तो शेरा तुमचाच. सही आहे.

फक्त अर्जात जन्मतारखेचा रकाना रिकामा सोडता येत नव्हता. तिथे मी माझ्या दादाची तारीख टाकली.

या पेटीतल्या पेशी माझ्या दादाच्या आहेत. दादा शिंपी होता. हातात अशी सफाई, की काज बघायला गिऱ्हाईक दुसऱ्या गिऱ्हाइकाला घेऊन यायचं. एक दिवस सुई ओवायला त्यानं मला हाक मारली. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. महिन्याभरात कात्री पेलवेना. मी ज्या बाईंकडे नोकरीला होतो त्या याच आजारावर काम करत होत्या, यापरता विचित्र योग कुठला? मी त्याला म्हणालो, दंडाची चिमूटभर कातडी देशील का? तर म्हणतो, "घे की. कापडाचा नमुना देतोय असं समजतो. पण माझं माप चुकलंय, ते नीट करायला शीक."

पुढच्या वर्षी दादा गेला. मला अजून ते माप नीट करता आलेलं नाही.

आज तो साठ वर्षांचा झाला असता. संगणकाला तेवढं पुरलं. नियत वयोमान, निरोप समारंभ, भिंतीवरचं घड्याळ भेट, आणि पाच वाजेपर्यंत जागा रिकामी करणे. सत्कारमूर्ती व्यासपीठावरच हवेत म्हणून त्यांना बाहेर काढलं आणि कपाटाला सील ठोकलं!

अहो, याच्याइतका उलटा निरोप कधी पाहिलात? बाकी माणसं जागा सोडतात तेव्हा आपण हार घालतो. यानं जागा सोडली हाच तर आजार आहे! चौथ्या मजल्यावरच्या नव्या संशोधक बाईंकडे एक औषध आलंय. ते याला हाताला धरून परत खोलीत नेतं. इतरांच्या पेशींत नेलंय. दादाच्या पेशींत होती तशी चूक मात्र फक्त या एका नळीत उरली आहे आणि चाचणी सोमवारी आहे.

म्हणून अध्यक्ष साहेब, मुदतवाढीचा अर्ज तुमच्या पुढ्यातच ठेवलाय, पुष्पगुच्छाखाली. काय म्हणता आस्थापना साहेब? प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला जोडावा लागतो? नाही हो ठणठणीत. म्हणूनच तर हवाय तो!

तुम्ही सगळे शांतपणे बसलात, एका नळीसाठी टाळ्या वाजवल्यात, त्याबद्दल ऋणी आहे. बोलताना काही वेडंवाकडं गेलं असेल तर ते माझ्या नावावर घाला, चिकटरावांच्या सेवापुस्तकात नको. चहा घेऊनच जा.

झाली सही? खालीही एक, साहेब, कपाटाचं सील काढायला. हां. देव तुमचं भलं करो.

ए, दारातले सगळे बाजूला व्हा. पेटी येतेय. दादाला त्याच्या जागेवर बसवून येतो.