ओपिहीचा खडक

...तर बस गं पोरी, उभी राहिलीस म्हणून काय ते लवकर येणारेत? घे, पोई खा. ताजी आहे, सकाळीच अळूचे कांदे उकडून कुटलेत. नको? एक बोट तरी लाव – आन्टीच्या दुकानातून कुणी उपाशी गेलेलं नाही अजून. वेंडेल गेलाय ना त्याच्यामागे? माझा नवरा साठीचा आहे, गुडघा धरतो त्याचा, पण ह्या किनाऱ्याचा दगडन्‌दगड ओळखतो. कानाला धरून आणेल तुझ्या नवऱ्याला. किती वाजले? अकरा? मघाशीही अकराच म्हणालीस. तो आवाज? वारा आहे गं – बरं, लाटाच आहेत. सकाळपासून उत्तरेकडून पाणी चढतंय. आमच्या हवाईत, ह्या मोलोकाई बेटावर, हिवाळ्यात चढतंच. रोजचंच आहे. रोजचंच.

काय म्हणालीस? त्याला जागा कुणी दाखवली? थांब, भांड्यावर झाकण घालू दे. पोई उघडी असली की आमच्यात भांडायचं नाही, वाईटसाईट बोलायचं नाही – आमच्या जुन्या कथांत अळू म्हणजे माणसाचा थोरला भाऊ, त्याच्यासमोर कसं बोलणार? हं. झाकलं. मीच दाखवली. काल तुम्ही दोघं इथेच बसून खडकाला चिकटलेली ती ओपिही खाल्लीत ना, शिंपल्यातून काढून, मीठ लावून, कच्चीच – आणि तुझा नवरा इतका खूश झाला, 'आन्टी, असलं जन्मात खाल्लं नाही,' – तर कौतुकाने मला चढली. बोट केलं तिकडे. तो काळा सुळका, त्याच्या पायथ्याचा खडक. सांगायचं नसतं गं हे! मासे धरायला निघालेल्याला 'कुठे निघालास' असंसुद्धा आम्ही विचारत नाही, आणि मी पाहुण्याला... पण समुद्राकडे पाठ करू नकोस, असं म्हटलं होतं मी त्याला. म्हटलं होतं ना? तू होतीस की. नाही म्हटलं? – नाहीच म्हटलं वाटतं. तो जाईल असं वाटलंच नाही. तू झोपलेलीस, हा बादली घेऊन एकटाच निघाला, त्या खडकाच्या वाटेला वळताना वेंडेलला लांबून दिसला. चपलांवरच गाडीत बसला वेंडेल. मला विचारलं, "त्याला हे कुणी सांगितलं?" मी म्हटलं, मला काय माहीत.

रडू नकोस. हानालेच्या वेळी मीसुद्धा अशीच – कोण म्हणजे? माझा भाऊ. जाऊ दे ते. अगं जुनी गोष्ट आहे, सहा वर्षं झाली. त्याच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता – आमच्याकडे पहिल्या वाढदिवसाला अख्खं गाव जेवतं, पानात ओपिही नसली तर लाज वाटते – म्हणून गेला खडकावर. एक लाट. एकच. वेंडेल दहा हातांवर उभा होता. बादली तेवढी सापडली. त्या दिवसापासून वेंडेलने समुद्रात पाऊल घातलेलं नाही, आणि माझ्याकडून शब्द घेतला, त्या खडकाकडे फिरकायचं नाही. मी जाते. हो, जाते – तो अळूच्या खाचरात उतरला की मी तिकडे. कालची ओपिही मीच काढलेली. त्याला सांगते, बाजारातून आणली. का म्हणजे काय? हानाले तिथे आहे माझा. इतर कुठेच नाही. तुला कशाला सांगतेय मी हे...

गाडी! आमचीच, तिचाच खडखडाट. धावू नकोस, उतार आहे! काचेवर ऊन पडलंय, काही दिसत नाही – वेंडेल दिसला. आणि शेजारी... डोकं दिसतंय. दिसतंय ना तुला? हललं! देवा रे. उतरला बघ, पाय कापलाय, पण लंगडतोय की आपला, दोन पायांवर आहे. जा, तो टॉवेल ने, घट्ट बांध!

वेंडेल उतरत का नाहीये? ओला आहे. केससुद्धा ओले... समुद्रात उतरला होता तो. तुझ्या नवऱ्यासाठी उतरला. आणि असा काय बघतोय माझ्याकडे – तुझ्या नवऱ्याने सांगितलं वाटतं, जागा मीच दाखवली ते.

पोरी, तू नवऱ्याला घेऊन दवाखान्यात जा. नाही, खाणंबिणं राहू दे. जा म्हणते ना! – वेंडेल, अरे, मी –