फुटक्या बांधावरचा सोबती

बसा रे, बसा. दार ओढून घ्या आधी, वारा खाडीचा आहे. आणि तो रेडिओ बंद करा. उघाडीवर, खाडीच्या त्या झडपेपाशी, गरवायला जाणार म्हणताय ना आत्ता? जा. गऱ्या टाका, मासे धरा, माझी ना नाही. पण फुटक्या बांधाने जाणार म्हणालात, म्हणून म्हटलं, जरा थांबा. ऐका. मग ठरवा.

आगाशे डॉक्टर तुम्ही पाहिलेले नाहीत. आपल्या वेतोळीत त्यांचा दवाखाना होता, गोड गोळ्यांचा. अंगाने किडकिडीत, बोलायला मऊ. माणूस पक्का शाकाहारी. घरात कांदा शिजला तरी आई नाक मुरडायची. पण या माणसाला नाद कसला? तर गरवायचा! हसू नका. गरी, तंगुसाची दोरी, शिशाचा तुकडा आणि पिशवीत कोलंबीचं आमिष. मासा लागला की चेहरा असा उजळायचा, जसा पोरगा पास झाल्यावर बापाचा. आणि खायचे नाहीत बरं का! सगळे मासे वाटून टाकायचे. घरी परतल्यावर विहिरीवर आंघोळ, मगच बायको आत घ्यायची.

कोणीतरी विचारलं एकदा, "डॉक्टर, खात नाही तर धरता कशाला?" तर म्हणाले, "अहो, दिवसभर लोक मला दुखणी सांगतात. पाणी काही सांगत नाही. दोरीला नुसता एक झटका देतं. तेवढं मला पुरतं."

त्यांचे सोबती दोघे. एक धाकू गोताड, एसटीचा ड्रायव्हर. रात्रीची वस्तीची गाडी आपल्या गावात आणायचा तो. आडवातिडवा गडी, आवाज असा की घाटात हॉर्नची गरज नाही. आणि दुसरा उस्मान सोलकर, बाजारपेठेतला शिंपी. खाडीकाठी जन्मला पण पोहता येत नव्हतं. पाण्याला भ्यायचा. कातळावर मांडी घालून बसायचा, पाय ओला करायचा नाही.

आता बघा, कुठे ड्रायव्हर, कुठे शिंपी, कुठे आगाशे! एकमेकांच्या घरी कधी पाणी प्यायले नसते. पण उघाडीच्या कातळावर तिघे एका ओळीत बसायचे. एका पुडीतलं आमिष, एका किटलीतला चहा. एखाद्याचा मासा सुटला की बाकीचे दोघे हळहळायचे. "सोडू नको! सोडू नको रे!" हेच एक भजन तिघांचं. मासा सोड म्हणून तिथे कोणी कोणाला सांगितलं नाही कधी.

तर त्या दिवशी काय झालं, दिवाळी सरलेली. पुढची अमावास्या. भरती संध्याकाळी लागणार, जिताडा मासा खाडीत आत यायचे दिवस. डॉक्टर दवाखाना लवकर बंद करून स्टँडवर हजर. उस्मानही आला. पण धाकूची गाडी येईना! दिवस बुडाला, अंधार पडला, गाडी नाही. कोणी म्हणालं, घाटात चाक बसलंय.

डॉक्टरांचा जीव वर-खाली. "उस्मानभाई, पाणी चढायला लागलं असेल हो."

"थांबा ना डॉक्टर. धाकू येल. तिघं मिळूनच जाऊ."

"तुम्ही या त्याला घेऊन. मी पुढे होतो, जागा धरतो."

"सडकेनं जावा हां. बांधानं नको."

"हो हो," म्हणाले डॉक्टर, आणि वळणावर गेल्यावर सरळ बांधाला लागले. सडकेने वळसा पडतो ना! भरती काय थांबते कोणासाठी?

तो बांध तुम्हाला ठाऊक आहे. खाजणात, खाडीकाठच्या शेतात, पाणी शिरू नये म्हणून घातलेला, मधेच फुटलेला. पाणी चढायच्या आत कडेकडेने पलीकडे जाता येतं. फुटल्या जागी पाण्याने खाली डोह खणलाय, तळ लागत नाही. तिथे गिऱ्हा आहे म्हणतात. गिऱ्हा म्हणजे काय, बुडून मेलेल्या माणसाचं भूत. पाण्यातच राहतं ते. वाटसराला उथळ म्हणतं आणि खोलात नेतं. डॉक्टरांनी ऐकलेलं होतं सगळं. पण शिकलेला माणूस. आणि डोक्यात जिताडा!

तर फुटल्या जागेच्या अलीकडे बांधावर कोणीतरी बसलेलं दिसलं. पाठमोरं. डोक्याला फडकं, हातात दोरी. गरवत बसलेला माणूस! डॉक्टरांना बरंच वाटलं. गरवणारे एकमेकांना जे विचारतात तेच विचारलं.

"काय, मिळतंय का?"

"मिळतंय," तो वळला नाही. "बसा ना."

डॉक्टर बसले. बॅटरी पेटवून आमिष लावायला गेले, तर फट्! बॅटरी गेली. सेल नवे होते हो!

"उजेडाने मासा बुजतो," तो म्हणाला.

खरंच आहे, वाटलं डॉक्टरांना. अंधारातच आमिष लावलं, गरी टाकली. आणि टाकल्या टाकल्या झटका! ओढली तर हातभर तांबोशी. पिशवीत घातली. परत टाकली. परत झटका! परत! असा चावा आयुष्यात मिळाला नव्हता. डॉक्टर एकटेच हसायला लागले. पिशवी भरत चालली, भरत चालली. पण उचलून बघितली तर हलकी. वाऱ्यासारखी हलकी! मनात जरा चरकलं. तेवढ्यात परत झटका, आणि ते राहूनच गेलं.

"तुम्ही इथे रोज बसता?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज."

"एकटेच?"

"कोण बसतंय माझ्याजवळ? येतात, नि पळतात."

त्या बोलण्यात काहीतरी होतं रे. आजारी माणूस बोलतो तसं. डॉक्टरच ते, त्यांना कळवळा आला. "घरी कोण वाट बघत असेल ना?"

"बघायचे. खूप दिवस बघायचे. आता कोण नाय." मग म्हणाला, "तुम्ही बरे आहात. बसा ना. जरा पुढे या, कातळ आहे. गुडघाभर पाणी. मोठा मासा तिथेच असतो."

डॉक्टर उठले! पाण्यात पाय घातला. गुडघाभरच होतं. खाली काही टणक लागत होतं, कातळासारखं. पाणी गार नाही, कोमट. आणि समोरून, ऐका हं, समोर खाडीच्या मधून आवाज आला. "अवो डॉक्टर! हिकडं या! हिकडं लागलाय चावा!" धाकूचा आवाज! बाजूला उस्मानचं खोकत खोकत हसणं. अंधारात दोन विड्यांचे ठिपके. लाल. पाण्याच्या वर.

आता सडकेने येणारी माणसं पाण्याच्या मधोमध कशी पोचली, हे कोणालाही सुचेल की नाही? डॉक्टरांना सुचलं नाही. त्यांना वाटलं, आले बुवा दोघे. चला, तिघे बसू.

आणि तेव्हाच दोरीला लागला तो! झटका नव्हे, खेचच! जिताडा! किती मोठा, कल्पना नाही. हातातून तंगूस सुटायला लागली म्हणून डॉक्टरांनी ती मनगटाला गुंडाळली. तीच चूक. मासा ओढतो, डॉक्टर एक पाऊल पुढे. परत ओढतो, परत एक पाऊल. पाणी कमरेला आलं. "सोडू नका डॉक्टर! सोडू नका!" समोरून धाकू ओरडतोय. पाणी छातीला आलं. मनगटात तंगूस रुतली, रक्त यायला लागलं, पण दुखत नव्हतं काही.

आणि पाठीमागून, बांधावरून, हाक आली.

"डॉक्टर! मागं फिरा!"

धाकूचाच आवाज! पाठीमागेही धाकू!

"मासा सोडा! डॉक्टर, तो मासा सोडा!" हा उस्मान. रडतोय.

समोर धाकू, उस्मान. मागे धाकू, उस्मान. पुढचे म्हणतात धरा, मागचे म्हणतात सोडा. कोण खरं, कोण खोटं? बोला! तुम्ही काय केलं असतं?

डॉक्टर क्षणभर थांबले. पुढचे बोलत होते ते अगदी रोजचं बोलणं. मागचे जे म्हणत होते ते त्या दोघांच्या तोंडून उभ्या जन्मात ऐकलेलं नव्हतं. मासा सोड? उस्मान म्हणतो? एवढा जिताडा? आणि तिथेच डोक्यात लख्ख उजेड पडला. भूत रोजचंच बोलेल, त्याने कातळावरचं आमचं बोलणं चोरून ऐकलेलं असेल. पण जिताडा सोडा म्हणून जो रडतो, तो माझ्यासाठी रडतोय.

वळले डॉक्टर. वळले, आणि पायाखालचा कातळ गेला! होताच कुठे तो? गपकन गळ्यापर्यंत पाणी. मनगटाची दोरी सुटेना. खाली खेच, खाली खेच. आणि शेजारी, अगदी कानाशी, तो माणूस. पहिल्यांदा तोंड दिसलं. अक्राळविक्राळ काही नाही हो. ओलं, दमलेलं तोंड. फक्त डोळ्यांना पापण्या नाहीत, माशासारखे. म्हणाला, "बसा ना. बसा ना माझ्याजवळ."

तेवढ्यात पाण्यात धप्पकन कोणी पडलं. कोण असेल? उस्मान! ज्याने जन्मात पाय ओला केला नाही, तो उस्मान! धाकूने एका हाताने बांधात रोवलेली मेढ धरलेली, दुसऱ्या हाताने उस्मानच्या सदऱ्याची मागची बाजू. आणि उस्मान नाकातोंडात पाणी जात असताना पुढे वाकून डॉक्टरांचं मनगट चाचपतोय. शिंपीच तो, खिशात दोरा कापायची कातर असायचीच. काळोखात, पाण्याखाली, बोटांनी तंगूस शोधली आणि कच्! कापली.

खेच थांबली. धाकूने दोघांना ओढून चिखलात घेतलं. उघाडीवर डॉक्टर दिसले नाहीत, म्हणून दोघे बांधाने शोधत आले होते. समोरचे विड्यांचे ठिपके विझले. पाण्यावर साधी लाट नाही. बांधावर कोणी नाही. फक्त लांबून, पाण्यावरून, एकदा ऐकू आलं, "बसा ना..." उस्मान अल्लाचं नाव घेतोय, धाकू रवळनाथाचं. तिघेही एकमेकांना धरून. धाकूने खाकी सदरा काढून डॉक्टरांच्या अंगावर घातला आणि मग इतक्या शिव्या घातल्या, इतक्या घातल्या, की डॉक्टर रडायलाच लागले.

पिशवीत काय होतं? चिखल. नुसता काळा चिखल, आणि त्यात कुठल्या कुठल्या माणसांच्या जुन्या, कुजलेल्या दोऱ्या.

ताप आला डॉक्टरांना, पुष्कळ दिवस उतरला नाही. उस्मान दुकान बंद करून उशाशी बसून असायचा. आगाशांच्या घरात, आगाशांच्या आईच्या हातचा चहा पीत! बरे झाले तशी तिघे परत गरवायला लागले, मरेपर्यंत गरवत राहिले. पण सडकेने. आणि तिघे जमल्याशिवाय एक पाऊल नाही.

मला हे डॉक्टरांनीच सांगितलं, म्हातारपणी. मी विचारलं, "फार भ्याला असाल हो?" तर मान हलवली त्यांनी. म्हणाले, "नाही रे. भीती मागाहून वाटली. पाण्यात उतरत होतो ना, तेव्हा मी इतका खूश होतो, इतका खूश... अजून कधीतरी त्या माणसाची दया येते. एकटा बसलाय बिचारा. आणि दया आली की मी बायकोला सांगतो, दाराला आतून कडी घाल."

ऐकलंत? भय वाटलं तर माणूस पळतो, वाचतो. त्या बांधावर भय वाटत नाही. बरं वाटतं. म्हणून सांगतो बाबांनो, लांब पडलं तरी सडकेने जा. फुटक्या बांधाने जाऊ नका. कधीच जाऊ नका.