नळाच्या पाण्यात जगणारा मासा

(नांदुऱ्यात स्टँडजवळचं माशांचं दुकान. दुकानदार प्रेमानंद. समोर सत्यभामाबाई आणि त्यांची सून दीपमाला.)

सत्यभामाबाई : मले तेच पाह्यजेत. निळ्या पट्ट्याचे. बांध पिशवी.

प्रेमानंद : बांधतो काकू, पन मांगच्या खेपेचे गेलेच ना? अन् त्याच्या आंधीचेबी?

सत्यभामाबाई : गेले तं गेले. तुले काय करा लागते?

दीपमाला : दादा, मी घरच्या नळाचं पानी आनलं या बाटलीत. पाहा बरं, कायचा दोष हाये ते. काल उठली तं समदे उलटे तरंगून राह्यले होते. उद्या अकोल्याले सागरच्या बाबाचं आपरेशन, अन् घरात हे असं.

प्रेमानंद : थांबा, या नळीत थोडं घेतो, वरून दवाईचे थेंब. हं, पाह्यलं वहिनी? पार निळं झालं. पीएच आठच्या वर हाये. खारं, जड पानी. अन् हे निळ्या पट्टीवाले नरम पान्यातले. दोष ना पान्याचा, ना माशाचा. जोडी जमली नाही, बस.

दीपमाला : म्हंजे घरावर काही नाही ना?

प्रेमानंद : घराचा काय संबंध? ही काळी मॉली न्या. इले असंच पानी मानवते. पिल्लंबी देते.

सत्यभामाबाई : मरत नाही?

प्रेमानंद : तुमच्या पान्यानं तं नाही.

सत्यभामाबाई : मंग नको.

दीपमाला : काऊन, आत्याबाई?

सत्यभामाबाई : चाल, गाडी निंघन.

दीपमाला : नाही, सांगा. काऊन नको?

सत्यभामाबाई : मासा मेला म्हंजे घरावरची पीडा घेऊन जाते. शेजारच्या अन्नपूर्णाबाईनं सांगतलं. पयले मेले तं माह्या शेखरचा ताप उतरला. दुसरे मेले तं डाक्टर म्हने, आशा हाये. उद्या त्याची छाती खोलनार हायेत. घरात मरनारा एकबी मासा नसला तं पीडा कोनाच्या जीवावर जाईन?

दीपमाला : अन् मले वाटे, माह्याच हातानं मरून राह्यले! सैपाक टाकून टाकीपाशी जाऊन उभी राहो मी. तुम्ही पाहून राह्यल्या होत्या ना? एका शब्दानं बोलल्या नाही.

सत्यभामाबाई : बोलली असती तं तू आनू देले असते?

प्रेमानंद : काकू, राग नका मानू. ते कोनाची पीडा घेऊन नाही गेले. पान्यानं मेले. घरात कोनी बिमार नसतं तरी मेलेच असते.

सत्यभामाबाई : मंग काहीच नाही गेलं? एवढे जीव मेले अन् पीडा तशीच?

दीपमाला : आत्याबाई, बसा. दादा, स्टूल द्या जरा.

सत्यभामाबाई : लय भेव वाटते वं मले. एकच लेकरू हाये माह्यं.

दीपमाला : मलेबी वाटते. पन उद्या आपन तिकडं राहू, सागर घरी राहीन. दिवसभर टाकीपुढंच बसते तो. काल मले म्हने, "आई, बाबाबी असेच होतीन का?" काय सांगू मी त्याले? उद्या त्याच्यापुढं काही मरू नये, एवढंच मांगते.

सत्यभामाबाई : असं म्हने तो?

दीपमाला : हाव.

प्रेमानंद : काकू, कोनते बांधू?

सत्यभामाबाई : ते काळे दे. उद्या सांजवरी जगतीन ना बापू, नक्की?