भास्करभाऊच्या कॅसेटमधली रिकामी जागा

बसा मंडळी. केनवडहून, इंझोरीहून आलेले सोयरे, गावातले लोक, आन् समोर बसलेल्या सुमनवयनी. मले भाषण येत नाई. भास्करभाऊच्या मळ्याले लागून माहा मळा, मेथी पिकवणारा माणूस मी. तरी आज भाऊच्या हार घातलेल्या फोटोपाशी उभा राह्यलो.

टेबलावरचा टेप पाहून मघा कोणीतरी म्हणलं, "शोकसभेत हे कायले?" सांगतो. दम धरा.

या कॅसेटमधी एक बाई गाते. फ्रेंच भाषेत, भरल्या सभेत, लोकायसमोर. मंगरूळपीरच्या कॉलेजातल्या एका सरायनं भाऊले भरून देली होती. भाऊची भाजी त्यायच्या घरी जाये. शब्द आमाले एकही समजला नाई. पण दुपारी जुड्या बांधताना भाऊ हेच लावे. त्याचा कायदा होता. गाणं चालू, तर हात चालू. टाळ्या वाजल्या, का हात थांबवायचे. म्हणे, "तथी माणसं त्या बाईले मान देऊन राह्यली, आन् तुमी मेथी बांधता?" आमी तिघं थांबत होतो. भाऊ, वयनी आन् मी.

शेवटचं गाणं म्हणजे भाऊचा जीव की प्राण. बाईचा आवाज फाटे, तरी गाये. भाऊ डोळे मिटून ऐके.

एक दिवस ते गाणं अर्ध्यातून गायब. नुसती खरखर, मंग टाळ्या. भाऊ वयनीवर कडाडला, शेजारपाजारच्यायसमोर. "झाडझूड करताना तूच लाल बटन दाबलं!" वयनी म्हणल्या, "म्या हातबी नाई लावला." भाऊनं ऐकलं नाई. त्या दिवसापासून वयनी आमच्यात बसल्या नाईत. अकरा वर्षं त्यायनं ओट्यावर एकटीनं जुड्या बांधल्या.

मंडळी, ते बटन म्या दाबलं होतं.

भाऊ वाफ्यायले पाणी द्याले गेला होता. मले ते गाणं पुन्हा ऐकायचं होतं. अर्ध्यापर्यंत पट्टी मांगं घेतली, आन् वाजवायच्या जागी भरायचं लाल बटन दबलं. टेपचा माइक मेलेला, म्हणून नवीन काई भरलं नाई, होतं ते गेलं. मी जुडी बांधाले लागलो होतो, ध्यानात आलं तवरोक दोनेक मिनिटं झाली होती.

काहून बोललो नाई? भेलो. भाऊचा राग तुमाले माहीत हाय. पयल्या दिवशी भेलो, दुसऱ्या दिवशी लाजलो, मंग सवय झाली. वयनीच्याच हातचा चहा पेत राह्यलो.

मागच्या महिन्यात भाऊ खाटेवर होता. म्हणे, "गजा, खरं सांग. तिनंच पुसलं ना?" वयनी औषध घेऊन दारातच उभ्या. म्या म्हणलं, "जाऊ दे ना भाऊ, जुनी गोष्ट." एवढंच म्हणलं. आन् भाऊ तोच आळ मनात घेऊन गेला.

वयनी, उठू नका. उठा म्हणा, तुमचा हक्क हाय, पण एवढं आयकून जा. आळ चार लोकायसमोर आला होता, म्हणून चार लोकायसमोर सांगून राह्यलो. गुन्हेगार मी हाय. माफी तुमी देली नाई, तरी चालीन.

आता भाऊले दोन मिनिटं श्रद्धांजली. घड्याळ कोणी पाहू नका. शेवटचं गाणं लागीन. अर्ध्यात बाईचा आवाज जाईन. ती रिकामी जागा माही हाय. तेवढा वेळ भाऊसाठी शांत उभे राहू. मंग टाळ्या येतीन. तवा कोणाचा हात हलला नाई पाह्यजे. भाऊचा कायदा हाय.

उभे राहा मंडळी. वयनी, या. बटन तुमी दाबा.