पेशींचा उपास

मांजरसुंब्याच्या थांब्यावर कॉलेजातली दिपाली आईपुढं डबा सरकवत होती. शेजारी एसटीची वाट पाहत बसलेल्या बद्रीनाथरावांचं हातातल्या पुस्तकातलं लक्ष केव्हाच उडालं होतं.

“खा की, आई.”

“न्हाई. तूच म्हणलीस ना, उपाशी राहिलं की पेशी आपलाच कचरा मोडून खात्यात? महिना झाला, दिवसातनं एकदाच जेवते.”

“अन् दिवसभर ऊस तोडतीस? अगं, लई उपाशी ठेवलं तर पेशी चांगलं बी मोडून खात्यात!”

“मंग त्यांना आवरतं कोण?”

“पोटातली भाकर!”

“आगं बया! तुझ्या वहिनीला बी उपाशी ठेवलंय मी. लेकराला तिचं दूध पुरंना, म्हणलं कचरा निघू दे.”

बद्रीनाथरावांनी पुस्तक मिटलं. दिपालीनं फोन लावून आईच्या कानाला धरला.

“मनिषा, आपल्या घरच्या बाप्यांना जेवायला थांबू दे. पयलं तू जेव.”