शांत खोलीत तूर

आधीच सांगतो, हसायचं न्हाई. झोपायची खोली शांत पाहिजे म्हणून मी नौबादच्या घरातलं कपाट बाहेर काढलो, भिंतीला फिका निळा रंग दिलो, आत नुसता पलंग ठेवलो. "मोकळी जागा बघितली की डोकं शांत हुतंय," असं बायकोला रोज शिकवायलो.

तेवढ्यात कमठाण्याहून आमचे वडील टेम्पोभर तूर घेऊन आले. मोकळी खोली बघून खूश झाले अन् पलंग सोडून छतापर्यंत पोती लावले.

मी म्हणलो, "अप्पा, ही डोकं शांत ठेवायची खोली हाय."

"व्हय की. तूर घरात आल्याबिगर कुणाचं डोकं शांत हुतंय?"

आता अप्पा त्या पलंगावर घोरायलेत अन् मी हॉलात सतरंजीवर. बायको म्हणती, "तुम्ही म्हणल्यावानीच झालं बघा. त्या खोलीत लई गाढ झोप लागतीय."